दुचाकीचा टायर किती चालतो? नागपूरच्या रस्त्यांचा आणि उन्हाचा हिशोब

टायरच्या दुकानात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "किती चालेल?" आणि हमखास मिळणारं उत्तर म्हणजे "चालेल की पंचवीस हजार." हे उत्तर खोटं नाही, अर्धवट आहे. नागपुरात टायर दोन बाजूंनी संपत असतो. मधला पट्टा किलोमीटरने झिजतो आणि बाजूची भिंत उन्हाने वाळते. रोज बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसी गाठणाऱ्याचा मधला पट्टा आधी जातो. महिन्यातून चारदा बाहेर निघणाऱ्या गाडीच्या टायरला खाचा भरपूर उरतात, पण भिंतीला भेगा पडलेल्या असतात. त्यामुळे नुसतं मीटर बघून टायर बदलायचा की नाही हे ठरत नाही.

तरी ढोबळ आकडे हाताशी असावेत. १०० ते १२५ सीसीच्या स्प्लेंडर, शाइनसारख्या गाड्यांचा मागचा टायर नीट हवा ठेवली तर २० ते ३० हजार किलोमीटर जातो, पुढचा ३० ते ४० हजार. १५० ते २०० सीसीच्या गाड्यांचा मागचा १५ ते २२ हजारांत आटोपतो. बुलेटसारख्या जड गाडीचा १२ ते १८ हजार धरा. मऊ रबराचे स्पोर्ट रेडियल ८ ते १२ हजारांत गोटा होतात. ती तक्रार नव्हे, रस्त्याला घट्ट धरण्याची ती किंमत आहे. स्कूटरचा टायर १२ ते २० हजार.

स्कूटरचा टायर लवकर का जातो, याचं उत्तर साध्या गणितात आहे. ९०/१००-१० मापाच्या टायरचा घेर साधारण १.३६ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला तो सुमारे ७३० वेळा फिरतो. २.७५-१८ मापाच्या टायरचा घेर साधारण १.८८ मीटर, तो ५३० वेळा फिरतो. रस्ता तोच, पण लहान चाकाच्या प्रत्येक इंच रबराला रस्ता जास्त वेळा भेटतो.

पुढच्यापेक्षा मागचा टायर आधी संपतो, कारण इंजिनची ओढ मागच्या चाकावर, डबलसीट मागे, सामानही मागे. त्यात पुढच्या ब्रेकला हात न लावण्याची सवय. सिग्नलवर नुसता पायाचा ब्रेक दाबून मागचं चाक घसरवलं की रबराचा एक तुकडा तिथेच राहतो. असं दहा-वीस वेळा झालं की टायरवर सपाट डाग पडतो आणि प्रत्येक फेऱ्याला गाडी हलकीशी थरथरते.

आपल्या गाडीचा आकडा आपणच काढा

दुकानदाराच्या अंदाजापेक्षा खात्रीचा मार्ग म्हणजे खाच मोजणं. खोली मोजायचा छोटा गेज स्वस्तात मिळतो. तो नसेल तर काडेपेटीची काडी खाचेत उभी धरा, रबराच्या कडेला नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. मोजायचं ते मधल्या खाचेत, चाक फिरवत तीन ठिकाणी. खाचेच्या तळाशी थोड्या थोड्या अंतरावर रबराचे उंचवटे असतात, त्यांच्यावर काडी टेकवू नका, माप चुकेल.

समजा नवा असताना मागच्या टायरची मधली खाच ६.५ मिलिमीटर होती आणि ८,००० किलोमीटरनंतर ती ४.५ भरली. म्हणजे एक मिलिमीटरला ४,००० किलोमीटर. २ मिलिमीटरपर्यंत वापरायचं ठरवलं तर अजून अडीच मिलिमीटर, म्हणजे साधारण १०,००० किलोमीटर हातात आहेत. पुढच्या वेळी हाच हिशोब ३,००० वर आला, तर गाडीत किंवा हवेत काहीतरी बदललंय हे लगेच कळतं.

ते तळाचे उंचवटे म्हणजे झिजेची खूण. कडेला छोटा बाण किंवा 'टीडब्ल्यूआय' अशी अक्षरं असतात, त्या रेषेत खाचेत बघा. उंचवटा आणि बाजूचं रबर एका पातळीत आलं की टायर संपला. मोटार वाहन नियमांत दुचाकीसाठी किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे. ती कायद्याची शेवटची रेघ. भर पावसात पाण्याचा थर फोडायला ०.८ पुरत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोजून खाच २ च्या खाली असेल तर पावसाळा संपायची वाट बघू नका.

हवा: सगळ्यात जास्त टायर इथे मरतात

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की पंक्चरच्या दुकानांत एक सल्ला फिरू लागतो: "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल." नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त चेपते आणि उलगडते. या सततच्या वाकण्यातून उष्णता तयार होते. वरून ४५ अंशांचं ऊन, खालून तापलेलं डांबर आणि आतून ही उष्णता. टायर फुटण्याची गाठ इथे पडते. ज्याने २९ पीएसआयच्या (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) जागी २२ ठेवून "सेफ" केलं, त्याने टायर धोक्यात घातला. शिवाय दोन्ही कडा झपाट्याने झिजतात आणि पेट्रोलही जास्त जातं.

गरम टायरमधली हवा वाढलेली दिसणारच. सकाळी थंड असताना २९ पीएसआय भरलेला टायर मे महिन्यात वर्धा रोडवर वीस किलोमीटर पळाला की ३२-३३ दाखवतो. ही वाढ कंपनीने आकडा ठरवताना धरलेली असते. पंपावर ती "काढून" घेतली तर संध्याकाळी टायर थंड झाल्यावर तो २५ वर बसतो.

हिवाळ्यात याच्या उलट होतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ४० अंशांत २९ भरलेली हवा जराही गळली नाही, तरी डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे ती साधारण २५ भरते. त्यात महिन्याला एक-दोन पीएसआय तशीही झिरपते. दिवाळीनंतर गाडी जड वाटू लागली की लोक क्लच आणि चेन तपासतात, हवा मात्र शेवटी बघतात.

म्हणून हवा आठवड्यातून एकदा, गाडी किमान तीन तास उभी राहिल्यावर, सावलीत तपासा. रविवारी सकाळी तर्री-पोह्यांना निघण्याआधीची वेळ उत्तम. आकडा गाडीच्या चेन कव्हरवर, स्विंग आर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा पुस्तिकेत असतो. एकट्यासाठी वेगळा आणि डबलसीटसाठी वेगळा असतो, तो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकापुरता बदलतो. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे. जुन्या पुस्तिकेत किलोमध्ये दिलं असेल तर एक किलो म्हणजे १४.२ पीएसआय. पंपावर हवा फुकट असते, पण तिथला काटा बरोबर असेलच असं नाही, म्हणून स्वतःचा हवेचा गेज ठेवा आणि नेहमी त्याच गेजने मोजा. भरून झाल्यावर व्हॉल्व्हवर थुंकी किंवा साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर व्हॉल्व्हमधली पिन बदला, आणि टोपी लावायला विसरू नका, धूळ गेली की पिन गळते.

ट्यूबलेसवाल्यांनी जास्त सावध राहावं. हिंगण्याच्या बाजूला रस्त्यावर खिळे, लोखंडी कीस भरपूर. ट्यूबच्या टायरमध्ये खिळा घुसला की हवा लगेच जाते आणि माणूस थांबतो. ट्यूबलेसमध्ये खिळा तसाच अडकून हवा आठवडाभर हळूहळू झिरपते आणि गाडी १८ वर पळत राहते. पंक्चरने टायर खराब होत नाही, असं कमी हवेवर चालवल्याने आतले धागे तुटतात.

झीज वाचायची कशी

टायर मधोमध सपाट आणि कडा जवळपास नव्या, हे नागपूरचं नेहमीचं चित्र. शहर सपाट, रिंग रोड सरळ, गाडी वळणावर झोपायची वेळच कमी. नव्या सिमेंट रस्त्यावर पकडीसाठी आडव्या रेघा ओढलेल्या असतात, त्या किसणीसारखं काम करतात. यात गाडीचा दोष नाही. फक्त असा चौकोनी झालेला टायर चिखलदऱ्याच्या घाटात नेला की वळताना गाडी एकदम पडल्यासारखी झुकते, कारण रबर गोलाईवरून नाही तर कडेवरून उलटतं. पण कमी किलोमीटरमध्ये मध्यभाग गेला असेल तर आधी हवा जास्त भरली जाते का ते बघा.

दोन्ही कडा गेल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी. एकच बाजू झिजली तर मागचं चाक तिरकं बसलंय. चेन टाइट करताना दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या घरावर आणल्या गेल्या नाहीत, हे त्याचं सर्वांत साधं कारण. त्यानंतर संशय स्विंग आर्मच्या बुशवर.

पुढच्या टायरवर हात फिरवल्यावर लाटांसारखे चढउतार लागत असतील तर टायर बदलून उपयोग नाही, नवाही तसाच होईल. गाडी सेंटर स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलेपर्यंत मागे वजन द्या आणि शॉकअपच्या दोन्ही नळ्या खालून धरून पुढे-मागे ओढा. हँडलखाली 'कट' असा आवाज आला तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, सैल किंवा खराब आहे. मग चाक फिरवून रिमशेजारी पेन धरा. पेन आणि रिम यांतलं अंतर कमी-जास्त झालं तर रिम आउट (वाकडी) आहे किंवा स्पोक ढिले आहेत. शॉकअपमधलं तेल जुनं झालं असेल तरीही चाक रस्त्यावर उड्या मारतं आणि लाटा पडतात.

वजनाचा हिशोब

टायरवर मापाशेजारी ४८पी, ५४पी असं काही लिहिलेलं असतं. आकडा वजनाचा, अक्षर वेगाचं. ४८ म्हणजे त्या एका टायरवर १८० किलो, ५४ म्हणजे २१२ किलो. 'पी' म्हणजे ताशी १५० किलोमीटर. आता मागे दोन बाजूंना ४० लिटरचे दुधाचे कॅन लटकवलेली गाडी घ्या. दूध आणि कॅन मिळून ९० किलोच्या आसपास, ते जवळजवळ सगळं मागच्या चाकावर. गाडीच्या वजनातले ६० किलो मागे, चालवणाऱ्याचे निदान ४०. झाले १९०. ४८ चा टायर इथे रोज मर्यादेबाहेर आहे. संत्र्याचे कॅरेट, गॅस सिलिंडर, भाजीचं पोतं नेणाऱ्यांनी त्याच मापात जास्त आकड्याचा टायर मागावा आणि मागची हवा डबलसीटच्या आकड्यावर ठेवावी.

वय आणि ऊन

भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. पाच वर्षांनंतर दर वर्षी टायर बारकाईने बघा. भेगा नखात अडकू लागल्या किंवा आतले धागे दिसले, तर खाच कितीही असो, टायर काढा. उभ्या गाडीचा टायर लवकर फाटतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण खरं आहे. रबरात भेगांपासून वाचवणारं मेण मिसळलेलं असतं, ते टायर फिरून वाकल्यावरच पृष्ठभागावर येतं. गच्चीखाली पश्चिमेच्या उन्हात सहा महिने उभी असलेली गाडी त्याला मुकते. लांब ठेवायची असेल तर सेंटर स्टँडवर, हवा पूर्ण भरून, चाकांवर गोणपाट टाकून ठेवा.

टायर चमकवायचं पॉलिश भिंतीवरही लावू नका, ते पसरून धावणाऱ्या भागावर येतं. चेन डिझेलने धुताना टायरवर फडकं टाका, डिझेल आणि ऑइल रबर मऊ करतं.

नवा बसवताना

वर्षभराच्या आतला टायर मागा. फिरण्याच्या दिशेचा बाण बघा, उलटा बसला तर पावसात पाणी बाहेर न जाता आत ढकललं जातं. ट्यूबच्या गाडीला नवी ट्यूब आणि रिम टेप, ट्यूबलेसला नवा व्हॉल्व्ह. जुनी ताणलेली ट्यूब नव्या टायरमध्ये घडी पडून चिमटते. स्कूटरला दोन्ही चाकं एकाच मापाची असली की झिजलेला मागचा टायर पुढे घालायचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका, ब्रेक मारताना बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. पंक्चरची पट्टी फक्त मधल्या भागातल्या छोट्या भोकाला चालते. भिंतीला भोक पडलं की टायर गेला.

नव्या टायरवर साच्याचा गुळगुळीत थर असतो. पहिले १५० ते २०० किलोमीटर जोरात ब्रेक आणि वळणावर झोपवणं टाळा, सिमेंटवर पाणी असेल तर विशेष. आणि बसवल्याच दिवशी मीटरचा आकडा आणि मधल्या खाचेची खोली सीटखालच्या पुस्तिकेत लिहून ठेवा.