सामुदायिक रेडिओचे नाव ठरवताना: आधी कान, मग कागद

सामुदायिक रेडिओला, म्हणजे स्थानिक संस्थेने चालवलेल्या छोट्या एफएम केंद्राला, 100 वॉट प्रभावी प्रसारणशक्तीची मर्यादा असते. आवाज पोचतो तो आजूबाजूच्या पाच-दहा किलोमीटरच्या टापूत. तेव्हा राज्यभर शोभेल असे भारदस्त नाव शोधत बसू नका. त्या टापूतल्या माणसाच्या तोंडी जे बसेल, तेच नाव खरे.

1. पंधरा-वीस नावे जमवा. नदी, डोंगर, पीक, मुलुखाचे जुने नाव, बोलीतला एखादा शब्द. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग’ या केंद्राचे नाव कानावर पडताच मुलूख कळतो. ‘येरळावाणी’ या केंद्राच्या नावात येरळा नदी आहे. बैठकीच्या खोलीत नावे सुचत नाहीत. बचत गटात, एसटी स्टँडवर, बाजाराच्या दिवशी विचारा.

2. ही नावे लगेच काढून टाका. संस्थेची आद्याक्षरे. फ्रिक्वेन्सीचा आकडा, कारण तो अजून मिळायचा असतो. ‘वार्ता’, ‘समाचार’ असले शब्दही नकोत. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत अनुवाद करून देता येतात. सरकारी आश्रयाचा भास होईल असे नाव 1950 च्या बोधचिन्हे व नावे कायद्यात अडकते. छत्रपती शिवाजी महाराजांचे नावही त्या कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे कितीही आदरापोटी असले तरी ते केंद्राला देऊ नका.

3. उरलेली नावे कानाने तपासा. खरी चूक इथेच होते. समिती कागदावर छापलेली यादी वाचते, अर्थ छान वाटतो आणि हात वर होतात. पण श्रोत्याला ते नाव क्वचितच लिहिलेले दिसणार असते. 16 तासांच्या प्रसारणात तासाला सहा वेळा घेतले, तरी दिवसाला 96 वेळा ते नुसते ऐकू येणार असते.

आधी विभक्ती लावून पाहा. मराठीत नाव कधी एकटे येत नाही. ‘-वर’, ‘-च्या’, ‘-ला’ लागतातच. ‘वाहिनी’चे ‘वाहिनीवर’ सहज होते. ‘झरा’ घेतला की एक निवेदक ‘झऱ्यावर’ म्हणतो, दुसरी ‘झरावर’, आणि श्रोत्याला दोन केंद्रे वाटतात. ‘पहाट’चे तेच, शिवाय ‘पहाटवर संध्याकाळी सात वाजता’ हे कानाला खटकते ते वेगळेच. प्रत्येक नाव या तीन वाक्यांत घालून मोठ्याने म्हणा: ‘तुम्ही ऐकताय…’, ‘…वर पुढचा कार्यक्रम’, ‘…च्या श्रोत्यांना नमस्कार’. एकाही वाक्यात जीभ थबकली तर नाव बाद. इथे दयामाया नको.

मग उच्चार. च आणि ज यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. ‘जागर’मधला ज ‘जीवन’मधल्यासारखा म्हणणारा निवेदक एक तरी निघतोच. वऱ्हाडी आणि अहिराणी पट्ट्यात ळ चा य होतो, बऱ्याच गावांत ण चा न होतो. तिथे ही अक्षरे नावात असली तर लोक जे म्हणतील तेच तुमचे नाव, हे आधी मान्य करा. ‘ज्ञानस्पर्श’सारखी जोडाक्षरांची माळ तर घेऊच नका. शेवटी दीर्घ स्वर असेल तर जिंगलमध्ये, म्हणजे केंद्राच्या छोट्या ओळखधूनेत, नाव ताणता येते. ‘संवाद’सारखा शेवट तिथल्या तिथे तुटतो.

‘वाणी’ लावायची हौस आवरा. आधीच ‘आकाशवाणी’ सर्वांच्या ओठावर आहे, आणि ‘गाववाणी’ म्हटले की अनेकांना गावचा किराणा दुकानदारच आठवतो.

आता फोन. साध्या फोन कॉलमधून साधारण 3,400 हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो. स ची धार मुख्यतः त्याच्या वर असते, त्यामुळे फोनवर स आणि श वेगळे ओळखणे अवघड जाते. फर्माईश करणारे श्रोते फोनवरच येणार, म्हणून चाचणीही फोनवरच घ्या. रेडिओशी संबंध नसलेल्या दहा जणांना फोन करा, त्यात एक आजोबा आणि एक दहा वर्षांचे मूल हवेच. वाक्यात नाव एकदाच घ्या आणि ऐकलेले लिहून ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी, कागद न बघता, नाव काय होते ते विचारा. दहापैकी आठ जणांचे दोन्ही वेळा बरोबर आले नाही, तर ‘हळूहळू सवय होईल’ या आशेवर ते नाव ठेवू नका. तेच नाव मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि स्वयंपाकघरात मिक्सर चालू ठेवून ऐका. दुपारचा कार्यक्रम असाच ऐकला जातो.

4. रोमन लिपीत लिहून पाहा. ‘माळवाणी’ रोमनमध्ये लिहिले की लोक ‘मालवणी’ वाचतात. इंटरनेटवर शोधणारा माणूस थेट कोकणात जातो.

5. ट्रेडमार्कचा शोध घ्या. सरकारी संकेतस्थळावर वर्ग 38 (प्रसारण) आणि 41 (मनोरंजन, शिक्षण) पाहा. नुसता शब्द घालून थांबू नका, ध्वनिसाम्याचा पर्यायही चालवा. आक्षेप सारख्या उच्चारावरूनही येतो.

6. छोटे रूप ठरवा. गाडीतल्या रेडिओच्या पडद्यावर केंद्राच्या नावाला आठच जागा मिळतात, आणि मोकळी जागाही त्यात मोजली जाते. पुष्कळ संचांवर देवनागरी दिसत नाही, तेव्हा आठ रोमन अक्षरांत बसणारे रूप आधीच पक्के करा. नाहीतर ते ट्रान्समीटर बसवणारा तंत्रज्ञ ठरवेल.