३२ बिटचा प्रोग्रॅम, ६४ बिटचा सर्व्हर : दूरवरून रजिस्ट्री कशी उघडावी

खानापूरच्या एका पतसंस्थेत गेल्या पावसाळ्यात जुना सर्व्हर काढून नवा बसवला. जुना ३२ बिटचा, नवा ६४ बिटचा. पावत्यांचा प्रोग्रॅम मात्र तोच ठेवला, कारण त्यातून मराठी आणि कन्नड दोन्ही लिपींत पावती निघते. दुसऱ्या दिवशी बेळगावातून मी नेहमीची तपासणी लावली, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि त्यावरचे प्रोग्रॅम जिथे आपली सेटिंग्ज ठेवतात त्या साठ्यात, प्रोग्रॅमची सेटिंग्ज सापडेनात. मॅनेजरांना फोन केला. "सर, इथं सगळं चालूच आहे की. सकाळपासून पावत्या काढायलोय. तुम्हालाच कसं दिसंना झालंय?"

त्यांचं बरोबर होतं. सेटिंग्ज जागेवर होत्या, मी भलत्या खोलीत शोधत होतो. हे कळेपर्यंत अर्धा दिवस परवानग्या ढिल्या करण्यात गेला. 'एव्हरीवन'ला, म्हणजे कोणालाही, फुल कंट्रोलसुद्धा देऊन बसलो होतो, तो नंतर शोधून शोधून काढावा लागला. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या संस्था असोत की उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, जुन्या-नव्या मशीनची अशी सरमिसळ बऱ्याच ठिकाणी दिसते. म्हणून कामाचा क्रम लिहून देतोय.

आधी एरर नीट वाचा

कमांड प्रॉम्प्ट उघडून 'रेग क्वेरी' ही कमांड चालवा. पुढे दोन बॅकस्लॅश आणि सर्व्हरचं नाव, मग एक बॅकस्लॅश, 'एचकेएलएम' (रजिस्ट्रीतला अख्ख्या मशीनचा भाग) आणि हव्या त्या कीचा, म्हणजे रजिस्ट्रीतल्या कप्प्याचा, पत्ता. काम झालं नाही, तर उत्तर बहुधा तीनपैकी एक येईल. 'नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड' आलं, तर तुम्ही दारापर्यंतच पोचलेला नाही. 'ॲक्सेस इज डिनाइड' म्हणजे दारात पोचलात, पण आत घेत नाहीत. आणि 'अनेबल टू फाइंड द स्पेसिफाइड रजिस्ट्री की' म्हणजे आत गेलात, फक्त वस्तू तिथे नाही. या तिसऱ्या एररवर परवानग्यांना हात लावायचा नाही. माझं चुकलं ते इथेच.

दारापर्यंत पोचत नसाल तर

दूरच्या मशीनवर 'रिमोट रजिस्ट्री' ही सर्व्हिस बघा. नव्या सर्व्हरवर ती गरज पडली की आपोआप सुरू होते आणि काम नसलं की थांबते, त्यामुळे 'स्टॉप्ड' दिसली म्हणून घाबरू नका. 'डिसेबल्ड' असेल तर मात्र दोष सापडला. विंडोज १० च्या साध्या पीसीवर ती मुळातच डिसेबल्ड असते.

सर्व्हिस ठीक असेल तर फायरवॉल बघा. पिंग (मशीन उत्तर देतं का याची साधी चाचणी) जातंय एवढ्यावर विसंबू नका, हे काम टीसीपी ४४५ पोर्टवरून चालतं. पॉवरशेलमधल्या 'टेस्ट-नेटकनेक्शन'ला ४४५ हा पोर्ट देऊन तपासा. बंद असेल तर 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'चा नियम उघडा, तोही फक्त आपल्या ऑफिसच्या आयपीपुरता. दोन शाखांमध्ये इंटरनेट असेल तर मध्ये व्हीपीएन, म्हणजे बाहेरच्याला न दिसणारा खासगी रस्ता, हवाच. ४४५ उघड्या इंटरनेटवर सोडायचा नाही, एका तासासाठीसुद्धा नाही.

आत घेत नसतील तर

रजिस्ट्री दुरून कोणी उघडायची, हे रजिस्ट्रीतलीच एक की ठरवते. एचकेएलएमखाली 'सिस्टम', 'करंट कंट्रोल सेट', 'कंट्रोल', 'सिक्योर पाइप सर्व्हर्स' असं उतरत गेलात की 'विनरेग' भेटते. तिच्या परवानग्यांत आपला गट आहे का ते बघा. 'लोकल सर्व्हिस'ला तिथे वाचण्याची परवानगी असते, ती काढू नका.

गट आहे, पासवर्ड बरोबर आहे, खातंही ॲडमिनचं आहे आणि तरी डिनाइड येतं? छोट्या संस्थांत हे हमखास होतं, कारण तिथे डोमेन (सगळी खाती एकाच सर्व्हरवरून सांभाळण्याची सोय) नसतं, नुसता वर्कग्रुप असतो, प्रत्येक मशीनची खाती वेगळी. अशा ठिकाणी लोकल ॲडमिन खात्याने दुरून आलात की यूएसी (ॲडमिनच्या अधिकारांवरची विंडोजची राखण) तुमचे ॲडमिनचे अधिकार कापून टाकतं. 'लोकल अकाउंट टोकन फिल्टर पॉलिसी' या व्हॅल्यूला १ दिलं की ते कापणं थांबतं, पण मग चोरलेला पासवर्डही तितक्याच सहज चालतो. मी ती कामापुरती लावतो आणि काम झालं की त्याच दिवशी काढतो.

वस्तूच सापडत नसेल तर

आता ३२ आणि ६४ चा खरा घोळ. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा प्रोग्रॅम 'एचकेएलएम सॉफ्टवेअर'मध्ये काही लिहायला गेला, तर विंडोज त्याला न सांगता बाजूच्या खोलीत लिहायला लावतं. त्या खोलीचं नाव 'वाव६४३२नोड'. सॉफ्टवेअरच्या यादीत तळाकडे, डब्ल्यूपाशी सापडेल. प्रोग्रॅमला वाटतं आपण जुन्याच जागी लिहितोय, म्हणून पावत्या बिनबोभाट निघतात. आपली तपासणी मात्र जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या हाती परत येते.

खात्री करायची सोपी युक्ती अशी : त्याच सर्व्हरवरची 'सिस्टम'खालची एखादी की वाचा. सिस्टमच्या भागात हे खोली बदलणं होत नाही. ती वाचता आली आणि सॉफ्टवेअरमधली सापडली नाही, तर रस्ता आणि परवानगी दोन्ही ठीक आहेत, पत्ता तेवढा चुकलाय.

मग अंदाजावर न सोडता कुठली खोली हवी ते सांगून टाका. 'रेग क्वेरी'च्या शेवटी स्लॅश, 'रेग', कोलन आणि ३२ लिहिलं की ३२ बिटची बाजू दिसते, ६४ लिहिलं की दुसरी. दोन्ही चालवून बघा, एकीत सेटिंग्ज मिळतील. डॉट नेटमध्ये तपासणी लिहिली असेल तर 'ओपन रिमोट बेस की'ला 'रजिस्ट्री व्ह्यू' द्या. ही सोय डॉट नेट ४ पासून आहे.

याच घोळाचा दुसरा नमुना म्हणजे ओडीबीसी, प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारी विंडोजची सोय. ती जोडणी करून देणारी 'ओडीबीसीएडी३२' नावाची फाइल ६४ बिटच्या विंडोजवर दोन ठिकाणी असते. 'सिस्टम३२' फोल्डरमधली ६४ बिटची आणि 'सिसवाव६४'मधली ३२ बिटची. नावं वाचून कोणीही उलटंच समजेल. प्रोग्रॅम ३२ बिटचा असेल तर सिस्टम डीएसएन (डेटाबेसच्या जोडणीची नोंद) 'सिसवाव६४'मधल्या खिडकीतूनच बनवायचा.

काही बदलण्याआधी ती की एक्स्पोर्ट करून ठेवा. ती फाइल पुन्हा आत घेताना ३२ बिटच्या प्रोग्रॅममधून घेतली, तर मजकूर पुन्हा वाव नोडमध्ये जाऊन पडतो, हे ध्यानात असू द्या.

जुना सर्व्हर 'विंडोज सर्व्हर २००३' असेल तर

तो एसएमबीची (नेटवर्कवर फाइली वाटायची विंडोजची भाषा) फक्त पहिली आवृत्ती बोलतो, आणि २०१७ च्या शेवटी आलेल्या १७०९ आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये ती आधीपासून बसवलेली नसते. त्यामुळे नव्या पीसीवरून तो दिसतच नाही. ती चालू करायचा मोह टाळा. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच दारातून पसरला, आणि २००३ ला मायक्रोसॉफ्टचा आधार तर १४ जुलै २०१५ लाच संपलाय. अशा मशीनसमोर स्वतः जाऊन बसा, सेटिंग्ज एक्स्पोर्ट करा आणि प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवर हलवा. बेळगावहून खानापूर पंचवीसेक किलोमीटर. पाऊस असला तरी ती फेरी मारलेली परवडते.

खानापूरच्या त्या सर्व्हरच्या कॅबिनेटवर आता एक चिकटपट्टी आहे. पावत्यांचा प्रोग्रॅम ३२ बिटचा, सेटिंग्ज वाव नोडमध्ये, डीएसएन सिसवाव६४ मधून. मॅनेजरांनी त्याखाली तेच कन्नडमध्येही लिहून घेतलंय.