आदेलिया प्रादो वाचायच्यात? मग माशांपासून सुरुवात करा

ब्राझीलच्या या कवयित्रीला २०२४ मध्ये ८८व्या वर्षी कामोंइश पुरस्कार मिळाला, पोर्तुगीज साहित्यातला सगळ्यात मोठा, पण ते राहू दे बाजूला. आधी त्यांची 'कासामेंतो' शोधा, म्हणजे 'लग्न', छोटीशी कविता आहे. काही बायका म्हणतात नवऱ्याला मासे धरायचेत तर धरू दे पण साफ पण त्यानेच करावेत, आणि कवितेतली बाई म्हणते मी नाही हं तशी, रात्री कितीही वाजू देत मी उठते, खवले काढते, चिरते, मीठ लावते, स्वयंपाकघरात आम्ही दोघंच, मधेच कोपराला कोपर लागतं... आणि शेवटी दोघं पुन्हा नवरा-नवरी होतात. घरी रात्री मासे साफ केलेल्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नाही.

ती भिडली की दोन कविता जोडीने वाचा आणि क्रम उलटा करू नका. आधी ब्राझीलचेच मोठे कवी कार्लोस द्रुमोंद जी आंद्रादे यांची सात चेहऱ्यांची कविता, त्यात कवीच्या जन्माला एक वाकडा देवदूत येतो आणि सांगतो, जा कार्लोस, आयुष्यभर अवघडलेलाच रहा. मग प्रादोंची 'कों लिसेंसा पोएतिका'. इथे देवदूत सडपातळ, तुतारीवाला, आणि सांगतो ही झेंडा वाहील! बाईच्या जातीला फार जड काम, हे ती म्हणते आणि तरी घेते. शेवटी ती स्वतःला 'देसदोब्रावेल' म्हणते, म्हणजे घडी उलगडत जावी तशी. एलेन दोरे वॉटसन यांची इंग्रजी भाषांतरं वाचत असाल तरी इथे मूळ पोर्तुगीज शेजारी ठेवाच, घाबरू नका, पाव, बटाटा, चावी आपल्याकडे त्याच भाषेतून आलेत.

आता आयुष्य बघा. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यातलं दिविनोपोलिस गाव, वडील रेल्वेत, १९५० ला आई गेली आणि तेव्हा ही मुलगी कविता लिहायला लागली. मग शाळेत शिकवणं, संसार, पाच मुलं, आणि पहिलं पुस्तक 'बागाजें' थेट १९७६ ला, वय चाळीस! नावाचा अर्थ प्रवासाचं सामान. आणि हस्तलिखित द्रुमोंदांकडे पोचलं तेव्हा त्यांनीच प्रकाशकाकडे शब्द टाकला, म्हणजे जिच्या कवितेत त्यांना उत्तर होतं तिलाच त्यांनी हात दिला, मला हे फार आवडतं. १९७८ च्या दुसऱ्या पुस्तकाला जाबुती हा ब्राझीलचा साहित्य पुरस्कार मिळाला.

पुढची पुस्तकं वाचताना सालं लिहून ठेवा. १९८८ नंतर कवितेचं पुस्तक एकदम १९९९ ला येतं. त्यामुळे १९८८ चं संपलं की लगेच पुढचं उघडू नका, मधे काही दिवस जाऊ द्या.