आरोग्याची तक्रार ‘सरकार’कडे करताय? या चुका टाळा

पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर डेंग्यूचा पहिला रिपोर्ट पडला की पाठोपाठ मेसेज येतो, ‘सरकार झोपलंय का?’ आणि कोणीतरी थेट केंद्रीय मंत्र्यांना टॅग करतं. कोणतं सरकार, हे न पाहणं ही सगळ्यात मोठी चूक. राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि रुग्णालयं हे राज्याचे विषय. केंद्र राष्ट्रीय कार्यक्रम आखतं, निधी देतं, 2017 सारखं राष्ट्रीय आरोग्य धोरण जाहीर करतं. मुंबईत रोजचं काम मात्र 1888 च्या महापालिका कायद्याने पालिकेचं. त्यातही केईएम, नायर, सायन ही रुग्णालयं पालिकेची; जेजे आणि कामा राज्याची. मिठाईत भेसळ असेल तर राज्याचं अन्न व औषध प्रशासन (एफडीए). केईएमच्या ओपीडीबद्दल मंत्रालयात दिलेला अर्ज टेबलं फिरत परळला, केईएममध्येच यायचा, तोवर गणपतीही उरकतात.

धुराच्या गाडीचा हट्ट ही दुसरी चूक. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. पालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस आला की आधी गच्चीवरची उघडी टाकी, लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी, कुंडीखालची ताटली बघतो. अळ्या सापडल्या तर त्याच महापालिका कायद्याच्या कलम 381 खाली नोटीस सोसायटीलाच, आणि तक्रार करणारे सेक्रेटरीच लालेलाल! पण खासगी जागेतलं पाणी ही कायद्याने मालकाचीच जबाबदारी आहे. अंड्यातून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं कोरडं करा. रस्त्यावरच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यासाठी पालिकेच्या 1916 वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. जागा रेल्वेची किंवा बंदराची असेल तर तसं स्पष्ट लिहा.

आजार लपवू नका. 1896 च्या प्लेगात घरं धुंडाळणाऱ्या पथकांच्या धास्तीने लोक रोगी लपवत. ती भीती समजते. आज दारात आलेल्या आरोग्य सेविकेला ‘आमच्याकडे कोणी आजारी नाही’ सांगून काय साधतं? रुग्ण कुठे आहेत हेच कळलं नाही तर फवारणी कुठे करायची, हे तरी कसं ठरणार?

खासगी नर्सिंग होमबद्दल लिहिताना काहीजण केंद्राच्या 2010 च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स (रुग्णालयं-दवाखाने नोंदणी) कायद्याचा हवाला देतात. महाराष्ट्राने तो स्वीकारलेलाच नाही. इथे 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो आणि 2021 च्या नियमांनुसार दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. नसेल तर भिंतीचा फोटो काढा आणि वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे द्या.

शेवटची चूक म्हणजे सगळं ठरून गेल्यावर ओरडणं. नियमांचा मसुदा राजपत्रात येतो, ‘हरकती व सूचनां’ना मुदत असते, ती आपण सर्रास घालवतो. पालिकेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत मांडला जातो, म्हणजे मागणी दिवाळीनंतर लगेच पोहोचायला हवी. ‘आरोग्यसेवा सुधारा’ असल्या अर्जाचं कोणीही काही करू शकत नाही. दवाखान्याचं नाव, रिकामं पद, संध्याकाळी किती वाजता दार बंद होतं, एवढं लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.