डिजिटल अँगल गेज उलट फिरवल्यावर वेगळा कोन दाखवतो: माझा अनुभव

डिजिटल अँगल गेज म्हणजे पृष्ठभागाचा उतार अंशांत दाखवणारं छोटं उपकरण. लक्षण: एकाच पृष्ठभागावर गेज एका दिशेने ठेवला की +०.७०°, जागेवरच १८०° फिरवला की −०.३०°. चिन्ह बदलणं बरोबर, पण आकडा तोच यायला हवा.

बॅटरी बदलली, फरक नाही. झीरो बटण चार वेळा दाबलं. तेही व्यर्थ, कारण ते फक्त सापेक्ष शून्य धरतं, म्हणजे त्या क्षणीचा कोनच शून्य मानतं; सेन्सरची चूक तशीच राहते. यात दोन संध्याकाळी गेल्या.

आधी तळ पुसा. चुंबकी तळाला लोखंडाचा कीस चिकटतो, आणि ६० मिमी तळाच्या एका टोकाखाली ०.०५ मिमीचा कण असला तरी सुमारे ०.०५° फरक पडतो. फडक्याने कीस निघत नाही. चिकटपट्टी दाबून उचला.

मग जाड काचेवर गेजच्या कडेने मार्करची रेघ मारा. गेज चालू करून दहा मिनिटं थांबा, पहिलं वाचन घ्या, १८०° फिरवून त्याच रेघेला लावून दुसरं घ्या. चिन्हासकट बेरजेची निम्मी म्हणजे गेजची चूक: इथे +०.२०°. वजाबाकीची निम्मी, ०.५०°, हा काचेचा खरा उतार. म्हणजे काच समतल असण्याची गरजच नाही.

शेवटी कॅलिब्रेशन मोड, म्हणजे गेजला स्वतःची चूक सुधारायला लावणारी सोय (बटण मॉडेलनुसार वेगळं, माहितीपत्रक पाहा): पहिली स्थिती नोंदवा, हात काढून आकडा स्थिरावू द्या, गेज आडवाच १८०° फिरवा, दुसरी नोंदवा. बटण दाबताना गेज हलला तर सगळं पहिल्यापासून.

आता दोन्हीकडे ०.५०°.