औद्योगिक सुरक्षेच्या क्षेत्रात येताना: संस्थांची नावं आणि त्यांचे शब्द

सेफ्टीची पदविका घेऊन कारखान्यात रुजू होणाऱ्याला पहिला अडतो तो ‘सुरक्षा’ हाच शब्द. गेटवरच्या पहारेकऱ्यांचा प्रमुख सुरक्षा अधिकारी, आणि यंत्रं-रसायनांपासून माणसांना जपणाराही सुरक्षा अधिकारीच. सुरक्षा रक्षक मंडळं १९८१ च्या कायद्याखालची, खासगी पहारेकऱ्यांच्या नोकरीसाठी. कर्मचारी राज्य विमा महामंडळ ‘सामाजिक सुरक्षा’ देतं. आपला रोजचा संबंध येतो तो औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाशी, म्हणजे सगळे ज्याला ‘डिश’ म्हणतात त्याच्याशी. शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष यंत्रांजवळ, लोक ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ असे दोन वेगळे शब्द वापरतात, ते बरोबरच आहे. मराठीत पत्र किंवा फलक लिहिताना मात्र ‘औद्योगिक सुरक्षा’ असं पूर्ण लिहावं, नाहीतर पत्र गेटच्या केबिनमध्ये जाऊन पडतं.

‘आरोग्य’ या शब्दातही अशीच एक अडचण आहे. इंडस्ट्रियल हायजीनचं भाषांतर अनेक ठिकाणी ‘औद्योगिक स्वच्छता’ असं केलेलं दिसतं आणि वाचणारा झाडलोट समजतो. हायजिनिस्ट झाडलोट बघत नाही. तो हवेतली धूळ आणि वाफ, आवाज, उष्णता, प्रकाश मोजतो आणि कामगाराच्या शरीरात काय किती जातंय ते ठरवतो. ‘औद्योगिक आरोग्यशास्त्र’ हा शब्द त्याला जवळचा.

कुठल्याही संस्थेचं नाव कानावर पडलं की आधी एकच विचारायचं: हिच्या हातात काय आहे? कायद्याचा अधिकार, सल्ला, संशोधन, नुकसानभरपाई, की नुसतं प्रमाणपत्र? शब्दाचं वजन त्यावर ठरतं. नवख्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात.

महाराष्ट्रात कारखान्यांची तपासणी करण्याचा अधिकार डिशकडे आहे. कारखाने अधिनियम, १९४८ वाचताना ‘मुख्य निरीक्षक’ असा उल्लेख सतत येतो. त्या नावाचं कार्यालय शोधत बसू नका, आपल्याकडे ती जबाबदारी डिशच्या संचालकांची आहे. गोव्यात हेच काम कारखाने व बाष्पके निरीक्षणालय करतं, तिथे बॉयलरही त्याच छताखाली. महाराष्ट्रात बॉयलरसाठी बाष्पके संचालनालय वेगळं आहे. चंद्रपूरच्या कोळसा खाणीत डिश येत नाही. तिथे धनबादचं मुख्यालय असलेलं खाण सुरक्षा महासंचालनालय, म्हणजे डीजीएमएस. पेट्रोलियमचा साठा, स्फोटकं आणि दाबाखालचे गॅस सिलिंडर हा ‘पेसो’चा, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचा विषय, त्याचं मुख्यालय नागपुरात. एकाच आवारात बॉयलर, डिझेलची मोठी टाकी आणि कारखाना असेल तर तीन वेगवेगळ्या दारांवर कागद न्यावे लागतात. एकाचा परवाना दुसऱ्याकडे चालत नाही.

अधिनियमातला ‘भोगवटादार’ हा शब्द नीट समजून घ्यावा. पालिकेच्या भोगवटा प्रमाणपत्रामुळे तो जागेत राहणारा किंवा भाडेकरू वाटतो. कायद्यात तो कारखान्याच्या कारभारावर अंतिम नियंत्रण असलेला माणूस आहे, आणि कंपनी असेल तर संचालकांपैकी एक. फॉर्मवर त्याच्या जागी फॅक्टरी मॅनेजरची सही घेऊन पाठवली की अर्ज परत येतो. अधिनियमात ‘व्यवस्थापक’ हा वेगळा माणूस आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आहे. कारखाने अधिनियमासह १३ कायदे तिच्यात आले. निरीक्षकाचा ‘निरीक्षक तथा सुविधाकर्ता’ झाला. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा पूर्वी १,००० कामगारांची होती, संहितेत ती कारखान्याला ५०० आणि धोकादायक प्रक्रियेला २५० आहे. संक्रमणाच्या काळात जुने नियमही चालू ठेवलेले असल्याने दोन्ही शब्दसंग्रह यावेच लागतात. कागदावर कोणतं कलम लिहिताय ते अधिनियमाचं की संहितेचं, हे दरवेळी स्पष्ट लिहा.

आता ज्यांना कारखान्यावर कारवाईचा अधिकार नाही त्या संस्था. सायनची केंद्रीय श्रम संस्था ही ‘डीजीफासली’चा, म्हणजे केंद्राच्या कारखाना सल्ला सेवा व श्रम संस्था महासंचालनालयाचा भाग. ती सल्ला, पाहणी आणि प्रशिक्षण देते. मोठ्या बंदरांतल्या गोदी कामगारांच्या सुरक्षेची अंमलबजावणी मात्र डीजीफासलीकडे राहिली आहे, एवढा अपवाद लक्षात ठेवावा. बेलापूरला मुख्यालय असलेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली, म्हणून ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. परिषद प्रसार, प्रशिक्षण, ऑडिट करते. ती नोटीस काढत नाही आणि तिचं ऑडिट झालं म्हणजे डिशची तपासणी झाली असं होत नाही. अहमदाबादची एनआयओएच ही राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था संशोधन करते. हिच्या नावात इंग्रजी ‘एस’ घातला की अमेरिकेतली ‘निओश’ होते. अहवालांत ही गल्लत नेहमी दिसते.

परदेशी नावांचा गोंधळ जास्त महागात पडतो, म्हणून एक उदाहरण जवळून बघू. शीतगृहातला अमोनिया. अमेरिकेची ‘ओशा’ ही कायदा राबवणारी संस्था, तिची आठ तासांच्या सरासरीची मर्यादा ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग), आणि त्या मर्यादेचं नाव पीईएल. ओशा आणि निओश दोन्ही १९७० च्या एकाच कायद्यातून जन्मल्या, पण निओश संशोधन करून शिफारस करते. तिचा आकडा २५, त्याचं नाव आरईएल. एसीजीआयएच ही तज्ज्ञांची खासगी संस्था. तिचाही आकडा २५, नाव टीएलव्ही. आपल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांसाठी २५ आणि पंधरा मिनिटांसाठी ३५ पीपीएम आहे. समजा कॉम्प्रेसर रूममध्ये आठ तासांची सरासरी ४० आली. नेटवर सापडलेला ओशाचा तक्ता समोर ठेवणारा ‘मर्यादेत’ असा शेरा मारून मोकळा होतो, आणि आपल्या कायद्याने तिथे सरळ उल्लंघन झालेलं असतं. तिथल्या ऑपरेटरला विचारून उपयोग नाही, कारण अमोनियाच्या वासाला नाक सरावतं. म्हणून मोजमापाच्या अहवालात आकड्याशेजारी तीन गोष्टी हव्यातच: मर्यादा कोणाची, किती वेळाच्या सरासरीची, आणि एकक पीपीएम की मिलिग्रॅम प्रति घनमीटर.

अपघाताच्या वारंवारता दराचंही असंच आहे. भारतीय मानकात इजांच्या संख्येला १० लाखांनी गुणून एकूण मनुष्य-तासांनी भागतात. ओशा २ लाखांनी गुणते, कारण १०० माणसं, आठवड्याला ४० तास, वर्षाला ५० आठवडे. २५० कामगार रोज आठ तास, ३०० दिवस काम करतात, म्हणजे ६ लाख तास झाले. वर्षात तीन इजा झाल्या. एका पद्धतीने दर ५, दुसऱ्या पद्धतीने १. कारखाना तोच, जखमी माणसंही तीच. परदेशी मुख्यालयाला पाठवलेला १ गावातल्या दुसऱ्या कारखान्याच्या ५ शेजारी ठेवून कोणी पाठ थोपटून घेत असेल, तर ती तुलना थांबवणं हे सेफ्टीवाल्याचं काम आहे.

अपघात, धोकादायक घटना, थोडक्यात टळलेला अपघात हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. अधिनियमाच्या कलम ८८ प्रमाणे मृत्यू झाला, किंवा इजेमुळे कामगार ४८ तास वा अधिक काम करू शकला नाही, तर सूचना द्यावीच लागते. स्फोट, क्रेन कोसळणं यांसारखी धोकादायक घटना घडली तर कोणाला खरचटलं नसलं तरी कलम ८८-अ लागतं. टळलेला अपघात बाहेर कळवण्याची सक्ती सहसा नसते, पण रजिस्टरमधली सगळ्यात मोलाची नोंद तीच. एक वाईट चाल अनेक ठिकाणी आहे: प्लास्टर घातलेल्या कामगाराला गाडीने आणून ऑफिसात बसवायचं, म्हणजे ‘४८ तास’ भरत नाहीत. कायदा ‘हजर’ म्हणत नाही, काम करू शकण्याबद्दल बोलतो. ही चाल आकडा लपवते, त्या माणसाचं हाड नीट जुळू देत नाही आणि पुढे विम्याच्या दाव्यातही त्यालाच अडचणीत आणते. राज्य विमा महामंडळाला दिलेला अपघात अहवाल त्याच्या भरपाईसाठी असतो. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो तो त्यावरच. डिशला द्यायची सूचना वेगळी, आणि एक दिली म्हणून दुसरी टळत नाही.

आजारांचे शब्द आणखी नाजूक. ‘व्यावसायिक आजार’ हा मोठा वर्ग, त्यातले तिसऱ्या अनुसूचीत नावं असलेले आजार ‘सूचनीय’. सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टोसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस, आवाजाने येणारं बहिरेपण यांत आहेत. अनुसूचीतला आजार आढळला की व्यवस्थापकाने कळवायचं, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही. सिलिकोसिसचा रुग्ण क्षयाच्या औषधांवर वर्षानुवर्षं राहतो, कारण दवाखान्यात कोणी ‘काम काय करता?’ विचारलेलं नसतं. कामगाराच्या वैद्यकीय कार्डावर पद ‘हेल्पर’ एवढंच न लिहिता ‘वाळू चाळणे’, ‘ग्राइंडिंग’ असं प्रत्यक्ष काम लिहा. अधिनियमातला ‘सर्टिफाइंग सर्जन’ शस्त्रक्रिया करत नाही, तो कामासाठीची तंदुरुस्ती तपासतो.

शिक्षणाबाबत. महाराष्ट्रात सुरक्षा अधिकारी म्हणून नेमणुकीला औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदवी वा पदविका लागते, बहुतेकांची ती महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची एडीआयएस, म्हणजे औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका, असते. नेबोश ही ब्रिटिश परीक्षा घेणारी संस्था, आखातात तिला मान आहे. ओशाचं ३० तासांचं कार्ड म्हणजे प्रशिक्षण घेतल्याची नोंद. ‘ओशा सर्टिफाइड’ असं बायोडेटात लिहू नका, जाणकार मुलाखतकार तिथेच थांबतो. या दोन्हींनी इथली कायदेशीर पात्रता मिळत नाही. आयएसओ ४५००१ हे कंपनीच्या व्यवस्थेचं प्रमाणपत्र, माणसाचं नाही, आणि ते आयएसओ स्वतः देत नाही, प्रमाणन संस्था देतात.

पात्रतेत आणखी एक अट असते, तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही: बहुसंख्य कामगार बोलतात ती भाषा पुरेशी येणं. कलम ३६ ची ‘बंदिस्त जागा’ फलकावर तशीच लिहिली तर कामगाराला कुलूपबंद खोली वाटते. त्याच्या बोलण्यात ती टाकी, चेंबर, मॅनहोल असते. फलक असा लिहावा: ‘या टाकीत परवान्याशिवाय उतरू नका. आधी गॅस तपासणी. बाहेर एक माणूस कायम उभा हवा. आतला बेशुद्ध पडला तर त्याला काढायला मागोमाग उतरू नका.’ जिथे निम्मी पाळी हिंदी बोलते तिथे खाली हेच हिंदीत.