गाडी कधी तापते?

आयटीआयमधली मोटर मेकॅनिकची दोन वर्षं संपवून मी पुण्यात जुन्या गाड्यांच्या एका गॅरेजात लागलो. महिनाभरातच एक पांढरी प्रीमियर पद्मिनी माझ्या वाट्याला आली. तक्रार एवढीच, ‘घाटात पाणी फेकते.’ मालक मुंबईहून परतताना खंडाळ्याचा घाट चढू लागले की शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडेच तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जायचा.

मी थर्मोस्टॅट व्हॉल्व (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा) काढून टाकला, वॉटर पंप बदलला, रेडिएटर रॉडिंगला, म्हणजे आतल्या नळ्या सळईने साफ करायला पाठवला आणि खालचा-वरचा होज पाइपही नवा घातला. मला वाटलं, आता बिघडायला उरलंय काय? पुढच्या रविवारी तीच गाडी टोचन लावून परत आली.

उस्तादांनी बॉनेटला हातही लावला नाही. मालकांना एवढंच विचारलं, “कधी तापते?” सिग्नलला उभी असताना नाही. गावात फिरताना नाही. चढावर, सेकंड गियरमध्ये, इंजिन पळत असताना. “म्हणजे हवेचा दोष नाही, पाण्याचा आहे,” उस्ताद म्हणाले आणि चहा मागवला.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी आधी हेच डोक्यात बसवावं. पद्मिनीचा पंखा फॅन बेल्टवर फिरतो. गाडी उभी असताना रेडिएटरमधून हवा खेचायचं काम एकट्या पंख्याचं. तेव्हाच तापत असेल तर बेल्ट ढिला आहे का, पंख्याची पाती वाकली आहेत का, जाळीत माती-किडे अडकलेत का, हे बघा. वेग घेतल्यावर वारा आपोआप मिळतो. तरीही तापत असेल तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर आतून बुजलाय. आणि गाडी बंद केल्यावर दोन मिनिटं काटा थोडा चढतो, तो दोष नव्हे. पंप थांबला, पाणी थांबलं, पण लोखंडाच्या ब्लॉकमधली उष्णता कुठे जाणार?

इंजिन गरम झाल्यावर उस्तादांनी मला गाडीत बसवलं. “दाब अ‍ॅक्सिलरेटर. आणखी दाब.” मग हाक मारून जागा बदलली. मी वाकून पाहिलं तर रेडिएटरच्या तळातून पंपाकडे जाणारा खालचा पाइप चपटा झाला होता, भुकेल्या पोटासारखा आत गेलेला. पाय काढला की परत गोल. पंप पाणी ओढतो, त्या ओढीने मऊ पडलेला पाइप मिटतो. जुन्या पाइपात आत एक स्प्रिंग होती. गंजलीय म्हणून ती मीच भंगारात टाकली होती! उभ्या गाडीत बॉनेट उघडून तासभर पाहिलं असतं तरी हे दिसलं नसतं.

आणखी वाईट पुढेच आहे. पहिल्या खेपेला मूळ दोष कोणता होता, हे मला आजही सांगता येत नाही. चार गोष्टी एकदम बदलल्या, त्यातल्या कशाने काय सुटलं कोण जाणे. तेव्हापासून मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि गाडी चालवून बघतो. मालक कुरकुर करतात, करू देत.

काढून टाकलेला व्हॉल्वही उस्तादांनी शोधून आणवला. चहावाल्याच्या पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला टांगलेला व्हॉल्व आणि शेजारी थर्मामीटर. अंगावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडला. धडधाकट होता. आपल्याकडे ‘गरम देश आहे, व्हॉल्व हवाच कशाला’ असं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. व्हॉल्व नसला की इंजिन लवकर गरम होत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये गाळ धरतो. (पातेलं चहावाल्याने परत घेतलं नाही. नवं आणून द्यावं लागलं.)

रेडिएटरच्या झाकणाकडे कुणी बघत नाही. दर एक पाउंड दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. रबर कडक झालं, स्प्रिंग मेली की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढ्याच पाउंडाचं झाकण घाला. गरम असताना मात्र ते उघडू नका. उस्तादांच्या कोपरापासून मनगटापर्यंतचा डाग मी रोज बघत होतो.

बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या गाडीत क्षार ब्लॉकच्या मागच्या टोकाला, चार नंबर सिलिंडरपाशी बसतात. एका गाडीत ब्लॉकच्या बाजूची डमी, म्हणजे भोक बंद करणारी पत्र्याची चकती, काढली तेव्हा पाणी आलंच नाही. स्क्रू ड्रायव्हरने खरवडल्यावर चिखल आला. अशा ठिकाणी नवा रेडिएटर काय करणार? आता आम्ही डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच घालतो.

पाणी सारखं कमी होतंय आणि गळती कुठेच दिसत नाही, तर थंड इंजिन झाकण उघडं ठेवून सुरू करा. बुडबुडे थांबतच नसतील, ऑइल दुधाळ झालं असेल, तर ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं हेड गॅसकेट गेलंय. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, एकदा बेदम तापलं की वाकतं, म्हणून फेसिंग (हेडचा तळ सपाट आहे का) तपासल्याशिवाय नवं गॅसकेट चढवू नका.

पाण्याचा दोष नसतानाही गाडी तापते. टायमिंग मागे पडलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडू लागली, किंवा मिक्श्चर पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की उष्णता वाढते. हेडलाइट लावल्यावर काटा चढत असेल तर गाडी नव्हे, काटाच चुकतोय, अर्थिंग बघा. मी इन्फ्रारेड थर्मामीटर वापरतो, पण तो चकचकीत पितळेवर रोखला तर खोटं सांगतो, काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर धरावा. आणि उन्हात बंद पडलेली गाडी फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवल्यावर सुरू झाली, तर ते पेट्रोलचं व्हेपर लॉक, पेट्रोलची वाफ होऊन वाट अडलेली. ते बिचाऱ्या रेडिएटरच्या माथी मारू नका.

कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या या गाड्या आता हौशी लोकांकडेच उरल्यात, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरात थांबली. ती पांढरी पद्मिनी अजून दर पावसाळ्याआधी आमच्याकडे येते. मी बॉनेट उघडायच्या आधीच मालक सांगू लागतात, कधी तापली, कुठे, कितव्या गियरात.